यादीत नसलेली फुई

"झाडू तू मार. वतन तुमनं शे ना? मंग झाडनीमा जे सापडी ते ली जा."

पाटील हे बोलला तेव्हा चावडीसमोर निम्मं गाव बसलेलं होतं. सोमवारचा दिवस. दर सोमवारी निराधार लोकांना सरकारी ज्वारी फुकट वाटायचे. मी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून गेले होते. महारवाड्यातल्या मिशनच्या शाळेत मी मास्तरीण होते. मला वाटलं होतं, नीट बोललं की नीट ऐकून घेतील. केवढी खुळी होते मी!

मी एवढंच म्हणाले होते, "पाटील, माझ्या फुईचं नाव यादीत घाला. तिला आता उठवतही नाही."

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. विधवा. मूलबाळ नाही. तिचा नवरा गावचा वतनदार महार. सरकारी टपाल वाहायचं, दवंडी द्यायची, साहेबाचं सामान ओढायचं, चावडी झाडायची. तो मेल्यावर झाडणं तेवढं फुईच्या गळ्यात राहिलं. याचा पगार नाही. बदल्यात खळ्यावरून बलुतं मिळायचं, म्हणजे पिकातला थोडा वाटा. पण त्या साली धरणगावच्या आसपास पाऊसच पडला नाही. मोठी लढाई नुकतीच संपली होती, तापाची साथ घरंच्या घरं रिकामी करून गेली होती, आणि वर हे. ज्वारी वीतभर वाढून वाळली. गावात एकही खळं झालं नाही.

पाटलाचं म्हणणं असं, की महाराला बलुतं मिळतं. ज्याला बलुतं मिळतं तो निराधार नाही. जो निराधार नाही त्याचं नाव यादीत येत नाही.

"खळंच झालं नाही, तर बलुतं कुठून येणार, पाटील?"

"ते माले नको विचारू. कागदवर तसंच लिखेल शे."

आणि मग तो झाडूचं बोलला. चावडी झाडताना सांडलेलं धान्य झाडणाऱ्याचं, अशी रीत होती. फुई त्या सांडलेल्या दाण्यांवर दीड महिना जगली होती. आता दोन सोमवार ती अंथरुणात होती.

मी झाडलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लुगड्याचा काचा मारला आणि सगळ्यांसमोर चावडी झाडली. कुणीतरी म्हणालं, "मास्तरीन, कोपरामा ऱ्हायनं देख." लोक हसले. ज्यांच्या ओटीत नुकतीच ज्वारी पडली होती तेही हसले. मी कोपरा पुन्हा झाडला. मग खाली बसून मातीतून एकेक दाणा वेचला. तोंडावर घाम येत होता आणि मला वाटत होतं, हा घाम नसून थुंकी आहे. दोन ओंजळी झाल्या. मी त्या पदरात बांधून घेतल्या. पाय आपोआप चालत होते. मला पाटलाचा राग आला नव्हता अजून. मला माझीच किळस आली होती.

ही फुई कोण होती माझी? मला जन्म देऊन आई गेली. वडील ख्रिस्ती झाले, मीही बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली गेले. फुई झाली नाही. पण वडील गेल्यावर मला धुळ्याच्या मिशनच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं ते तिनेच. धरणगावपासून पायी. तीन दिवस. वाटेत कुठल्या विहिरीवर पाणी मिळेल हे तिला पाठ होतं, आणि कुठल्या विहिरीवर नाही हेही. बोर्डिंगच्या दारात मला म्हणाली, "शिक. रडू नको. मी मरस नही इतल्यात." एवढंच बोलून परत फिरली. मी शिकले ते तिच्या तंगड्यांच्या जोरावर.

चावडीची बातमी मिशनच्या पाळकसाहेबांकडे मंगळवारीच पोचली. ते जळगावाहून आठवड्यातून एकदा यायचे, या वेळी मुद्दाम लवकर आले. जन्माने वरच्या जातीतले. बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षं झाली होती, पण आमच्या वाड्यात पाणी कधी प्यायले नाहीत. तहान नाही म्हणायचे. वीस वर्षं तहान नाही.

"बाई, तुम्ही मंडळीला खाली पाहायला लावलंत. ख्रिस्ती शिक्षिका चावडी झाडते?"

"साहेब, फुई उपाशी आहे. आपल्या धान्यातलं तिला द्या. मग मी झाडू हातात धरणार नाही."

कारण मिशनही धान्य वाटायचं. शनिवारी, शाळेच्या ओट्यावर. त्याची यादी मीच लिहायचे. त्यात मंडळीतली घरं होती, म्हणजे बाप्तिस्मा झालेली. माझा पगारही त्या साली धान्यातच मिळायचा, एका पोटापुरता. त्यातलं अर्धं मी फुईला नेत होते. ती म्हणायची, "आत्तेच खायेल शे," आणि झाकून ठेवायची. मी गेल्यावर त्यातलं शेजारच्या तान्ह्या पोराच्या आईला द्यायची. हे मला फार उशिरा कळलं.

पाळकसाहेब म्हणाले, "यादी मंडळीची आहे. तिला सांगा, प्रभूकडे ये. रविवारी पाणी घेतलं तर पुढच्या शनिवारी नाव घालू. मला काय आनंद नाही होणार?"

मी गेले सांगायला. तेही केलं मी. मी माझा प्रभू घेऊन फुईच्या अंथरुणाशी गेले आणि ज्वारीच्या भावात त्याला विकायला बसले. म्हटलं, "फुई, हो म्हण. नुसतं पाणीच तर शिंपडतात."

ती छपराकडे बघत म्हणाली,

"तुना देव चांगला शे, पोर. मी त्याले कधी वाईट बोलनू नही. पन तो मापटामा बसस का?"

चावडीत बलुत्यामुळे ती बाहेर, ओट्यावर बाप्तिस्म्यामुळे बाहेर. चावडीवाले म्हणायचे, तुम्हाला पादरी आहे. पादरी म्हणायचा, त्यांना सरकार आहे. दोन्ही दारं उघडी होती आणि दोन्हींतून तिला आत जाता येत नव्हतं. आणि मी दोन्ही दारांत उभी होते, एकीकडे झाडू घेऊन, एकीकडे लेखणी घेऊन.

शुक्रवारी नवीन पोती आली. एक पोतं फाटलं होतं, ते शिवायला मी ओढून उजेडात घेतलं. पोती नेहमी भिंतीला लावून रचलेली असायची. पहिल्यांदाच मी त्याची दुसरी बाजू पाहिली. काळ्या शाईचा शिक्का. वर मुकुट. चावडीतल्या पोत्यांवर होता तोच. दाभण हातात तसंच राहिलं.

मी दुसरी पोती फिरवून पाहिली. सगळ्यांवर मुकुट.

शनिवारी पाळकसाहेब आले तेव्हा विचारलं. ते गडबडले नाहीत. म्हणाले, "सरकारने मिशनला वाटायला दिलंय. त्यात काय? वाटण्याचा विश्वास आपल्यावर टाकलाय."

"कुणाला वाटायला दिलंय?"

"गरजूंना."

"मंडळीतल्या गरजूंना, असं लिहिलंय कुठे?"

"बाई, आवाज खाली."

त्या क्षणी मला राग आला. आठवडाभर जो आला नव्हता तो सगळा आला. इतके महिने मी हात जोडून ज्यांचे आभार मानत होते, ते धान्य त्यांचं नव्हतंच. ते सरकारचंही नव्हतं. सरकारच्या घरी ज्वारी पिकते का? फुई आयुष्यभर मीठ विकत घेत आली. त्या मिठावर सरकारचा कर होता. भाकरीबरोबर खायला दुसरं काही नसायचं तेव्हा ती मीठच खायची, म्हणजे ज्यांच्याकडे तूप होतं त्यांच्याइतकाच कर ती भरत होती. वर सरकारची चावडी फुकट झाडत होती. आणि तिचंच धान्य तिला दाखवून एकजण म्हणत होता झाडणीतलं ने, दुसरा म्हणत होता गुडघे टेक.

मी पोरांना दरवर्षी बायबलातला द्राक्षमळ्याचा दाखला शिकवायचे. सकाळी कामाला आलेल्या मजुराला जेवढी मजुरी, तेवढीच संध्याकाळी आलेल्याला. पोरं दरवर्षी भांडायची, बाई, हे कसं? मी सांगायचे, मालकाला प्रत्येकाचं पोट दिसतं. सांगायला काय जात होतं! माझ्या हातातल्या यादीत मात्र मी तास मोजत बसले होते, कोण कधी मंडळीत आला त्याचे.

लोक ओट्याखाली जमले. आधी आभाराचं गाणं म्हणायचं असे, मग धान्य. मी गाणं सुरू केलं नाही. यादी उघडली आणि पहिलं नाव फुईचं वाचलं. मग शेजारच्या तान्ह्या पोराच्या आईचं. मग वाड्यातल्या बाप्तिस्मा न झालेल्या आणखी चार घरांची. मग मंडळीची.

पाळकसाहेबांनी यादी माझ्या हातातून काढून घेतली. शांतपणे घेतली. म्हणाले, "आजपासून शाळेत येऊ नका."

मंडळीतल्या कुणी माझी बाजू घेतली नाही. माझीच माणसं, त्यांच्या घरातही चूल त्या पोत्यावरच पेटत होती. मी त्यांना दोष देत नाही. पण तेव्हा दिला होता, मनातल्या मनात, फार कडू शब्दांत.

आता माझंही धान्य बंद झालं. मी तालुक्याला अर्ज लिहिला. आमचा वतनाचा वाटा त्या साली शून्य आहे, खळं झालेलं नाही, मिशनमधलं धान्य सरकारी असून सर्वांना मिळत नाही, सबब माझ्या फुईचं नाव घालावं. खाली सही केली. मी स्वतः खडी फोडायला सरकारी रस्त्यावर जाऊ लागले. संध्याकाळी मजुरीचं पीठ आणून पातळ आंबील करायचे आणि चमच्याने तिच्या तोंडात घालायचे. ती अर्धी बाहेर यायची.

अर्ज धाडल्यावर अकराव्या दिवशी भर दुपारी फुई गेली. मी खडीवर होते. तान्ह्या पोराची आई तिच्याजवळ होती. तिच्याकडून मला कळलं, माझं अर्धं धान्य कुठे जात होतं ते.

अर्जाचं उत्तर आलं ते माणसाच्या रूपाने. तालुक्याचा कारकून चौकशीला आला. चावडीत पाटलाशेजारी बसून त्याने जबाब लिहून तयार ठेवला होता. मला वाचून दाखवला. सदर बाई तापाने मयत. पाटलाच्या मयतांच्या वहीतही तेच होतं. ताप.

"इथं सही करा," कारकून म्हणाला.

"तिला ताप नव्हता. साथ सरून चार महिने झाले."

पाटील उठून माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच हळू बोलला. "करी टाक सही. ती तं गयी. पुढला सोमवारपासून तुमना वाडामधला दोन म्हातारास्ना नाव यादीमा घालस मी. सबद देस."

ते दोन म्हातारे मला माहीत होते. एक आमच्या भिंतीला लागूनच राहायचा. त्याचा खोकला मला रोज ऐकू यायचा, आणि दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. फुई मेलेली. ते जिवंत. एका सहीत दोन जीव. प्रभू काय म्हणाला असता? मी खरं सांगते, मी लेखणी उचलली होती. टोक कागदाला टेकलं होतं.

मग मी कारकुनाला विचारलं, "साहेब, ते दोघे वतनदार महार आहेत. नियमात बसतात का?"

"नाही बसत."

"मग पाटील त्यांची नावं कशी घालणार?"

कारकुनाने पाटलाकडे पाहिलं. पाटील बाहेर बघू लागला.

म्हणजे नियम वाकत होता. पहिल्या दिवसापासून वाकत होता. माझी सही हवी होती म्हणून तो आज वाकला. फुईला फक्त जगायचं होतं, तेवढ्यासाठी तो वाकला नाही. कागदावर तसंच लिहिलंय म्हणत तिला त्यांनी डोळ्यांदेखत मरू दिलं, आणि मी त्यांची चावडी झाडून दिली.

मी 'ताप' या शब्दावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'भूक'. त्याखाली सही केली, माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव.

"आते त्या दोन्ही म्हातारा मरतीन," पाटील ओरडला. "तुनामुळे!"

"माझ्यामुळे नाही. यादी तुमच्या हातात आहे. मेले, तर तेही मी लिहीन."

मी उंबऱ्यातून बाहेर आले. त्याच संध्याकाळी मी दुसरा अर्ज लिहायला घेतला. पहिली दोन नावं त्या म्हाताऱ्यांची. मग वाड्यातली सगळी, पाणी घेतलेली आणि न घेतलेली, ओळीने. आणि कुळवाड्यांच्या आळीतली एक परित्यक्ता, जिला पाटलाने मुद्दाम गाळलं होतं आणि मी चावडी झाडत होते तेव्हा जी मला हसली होती, तिचंही.

अर्ज संपला तरी मी कागद पुढ्यातून काढला नाही. पाटलाच्या वहीत त्या उन्हाळ्यात बरेच ताप होते. मी ठरवलं, त्या प्रत्येक तापाच्या घरी जायचं. महाराच्या, मांगाच्या, भिल्लाच्या, कुणब्याच्या, दारात उभं करतील तर दारातून विचारायचं. मेलेल्या माणसाने शेवटचं काय खाल्लं आणि कधी. आणि जे सांगतील ते, नावासकट, सहीसकट, तालुक्याला, तालुक्याने फाडलं तर जळगावला, जळगावने फाडलं तर पुढे, मी लिहीत राहणार होते.