शब्दाचं कूळ

धुडकू पाटलांना एक खोड होती. नवा माणूस भेटला की नावाआधी ते त्याचं कूळ विचारत. पारोळ्याहून सुरतेला आल्यावर अकरा वर्षं त्यांनी उधन्याच्या लूमवर काढली, आणि कोसाडच्या वसाहतीतली निम्मी लग्नं जुळवली ती या खोडीच्याच जोरावर. सत्त्याण्णव साली इच्छापोरजवळ एका कोरियन ठेकेदाराचं काम निघालं, तेव्हा लूमच्या खडखडाटाला कंटाळलेले धुडकू आबा तिथे पाइपांच्या टोळीत लागले.

कोरियन साहेब ओरडत आणि आपली माणसं नुसती तोंडाकडे बघत. आबांनी मात्र कान लावला. गळती म्हणजे ‘नुसु’, गरम पाणी ‘ओन्सु’, सांडपाणी ‘बेसु’. ‘सु’ म्हणजे पाणीच असणार! बेक नावाच्या फोरमनने मान डोलावली आणि जुन्या चिनी अक्षरांवरून हे शब्द आले, असं सिमेंटवर खडूने काढून दाखवलं. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आबांची शाळा भरू लागली.

“पाठ करू नका रे,” ते म्हणत. “शब्दाचं कूळ धरा. ‘जॉन’ म्हणजे वीज. ‘जॉनसॉन’ म्हणजे विजेची तार. ‘ह्वा’ म्हणजे आग. ‘ह्वाजे’ लागली की ‘सोह्वागी’ आणायची, तो लाल बाटला.”

महिनाभरात टोळीला साहेबांचं बोलणं समजू लागलं. बेक खूश झाला. पुढच्या महिन्यापासून आबांना स्टोअरमध्ये दुभाष्या म्हणून बसवायचं ठरलं. खुर्ची, पंखा, आणि लूमचं नाव पुन्हा काढायला नको. आबांनी घरी बायकोला, मालतीबाईंना, तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी नव्याने ऐकलं.

आबांच्या शाळेतला सर्वांत मन लावून शिकणारा भटू. चाळिशीतला, दोन मुलींचा बाप, वायरमनचा मदतनीस. एका दुपारी ऑफिसच्या दारातून कोरियन कारकून हातवारे करत ओरडला, “जॉनह्वा! जॉनह्वा!” भटूने हिशेब केला: जॉन वीज, ह्वा आग. विजेची आग! त्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, लाल बाटला उचलला आणि ऑफिसात शिरून टेबलावर पांढरी पूड उडवली.

टेबलावर टेलिफोन होता. बेकसाहेबांसाठी फोन आला होता, इतकंच. बाहेर विजेवरची क्रेन बंद पडून मोठा पाइप तासभर हवेत लटकत राहिला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. मोठ्या साहेबाने भटूचा गेटपास मागितला, म्हणजे नोकरी संपली.

बेकने आबांना दोन अक्षरं काढून दाखवली. एक ‘ह्वा’ आगीचा, दुसरा ‘ह्वा’ बोलण्याचा. विजेवरचं बोलणं, म्हणजे टेलिफोन. सगळे पाटील एका कुळाचे नसतात, हे आबा आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. नेमकं इथेच त्यांनी आडनावावर सोयरीक जुळवली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

भटू कोपऱ्यात पुडीने पांढरा होऊन उभा होता. आबा मोठ्या साहेबासमोर गेले, कमरेत वाकले आणि म्हणाले, “जे जालमोसिम्निदा.” मग आपला गेटपास टेबलावर ठेवला. साहेबाने भटूला कामावर जायची खूण केली आणि आबांचा गेटपास खणात टाकला.

गेटपर्यंत भटू मागे आला. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

“आबा, सायेबले काय बोलनात तुम्ही? त्या शब्दनं कूळ कोनतं?”

“चूक मनी शे, आसं बोलनू,” आबा स्वतःकडे बोट दाखवत म्हणाले. “जाल म्हंजे चांगलं. मोत म्हंजे जमनं नही. चांगलं कराले गवू, जमनं नही.”

सोमवारी आबा उधन्याला लूमवर उभे राहिले. तिथे कुठलाच शब्द ऐकू येत नव्हता.