बांधावर चला, मग सांगते

गिरिजाक्का मगदूम यांची आणि माझी पहिली ओळख चिमट्याने झाली. अमृतमहोत्सवाच्या गौरवग्रंथात लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. संपादकांनी तर "जरा भारदस्त लिहा" म्हणून बजावलंही आहे. पण खरी गोष्ट तीच आहे. आणि अक्कांवर लिहायला मिळणार, या आनंदात मी इतकी हरखून गेले आहे की भारदस्तपणा काही केल्या अंगी येत नाही. तेव्हा चिमट्यापासूनच सुरू करते.

शेतीच्या सरकारी पाहणीच्या कामावर मी नवीनच रुजू झाले होते. शेतकऱ्याकडे जायचं, रान किती, पाणी कुठलं, जनावरं किती, पीक किती निघालं, असं सगळं विचारून घ्यायचं, हे आमचं काम. पहिल्याच दौऱ्यात मला अक्कांच्या हाताखाली शाहूवाडीकडच्या एका गावी पाठवलं. भाताची कापणी चालली होती. पाहणीच्या चिठ्ठ्यांत ज्या काकांचं नाव निघालं होतं त्यांच्या अंगणात आम्ही टेकलो आणि बघता बघता सगळी गल्ली गोळा झाली. सरकारी माणूस आलाय म्हटल्यावर घरात कोण बसतंय! मी मोठ्या हौसेनं, खणखणीत आवाजात विचारलं, "काका, म्हशी किती तुमच्या?" काकांनी तोंड उघडायच्या आत शेजाऱ्यानं उत्तर दिलं, दुसऱ्यानं ते दुरुस्त केलं, तिसरा फिदीफिदी हसला आणि काका मान खाली घालून बसले. त्याच वेळी माझ्या दंडाला असा काही चिमटा बसला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पावणं, रान तरी दाखवा की!" अक्का उठत म्हणाल्या. "भात बघायचा हाय मला तुमचा."

काकांबरोबर गल्लीही उठली. अक्का मागे वळल्या. "तुमची चिठ्ठी निघाली की तुमच्याकडंबी येते. आज ह्यांची पाळी. बसा निवांत." गल्ली बसली. अक्कांचा आवाज हा विषयच वेगळा आहे. कोल्हापुरात त्या गंगावेशीत बोलल्या तर बिंदू चौकातल्या माणसानं मागं वळून बघावं. पण बांधावर पोचल्यावर तोच आवाज असा खाली आला की मला पुढं सरकून ऐकावं लागलं. काकांनी सगळं सांगितलं, न अडखळता. काय सांगितलं ते अर्थातच इथे लिहिणार नाही. परतताना एसटीत अक्कांनी माझा दंड चोळत मला समजावलं, "अगं, गल्लीत विचारलंस तर गल्लीचं उत्तर मिळतं. मला त्या माणसाचं पाहिजे."

अक्का गप्पिष्ट आहेत, हे त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्या सुनेला डोहाळे लागलेत, कुणाच्या आमटीत काय कमी पडलं, कुठल्या मोटारसायकलचा ब्रेक लागत नाही, हे सगळं एसटीच्या एका फेरीत त्या सांगून मोकळ्या होत. आमच्या ऑफिसात नवीन येणाऱ्याला वाटायचं, या बाईंच्या पोटात काही राहत नसणार. पण शेतकऱ्यानं बांधावर सांगितलेलं एक अक्षर त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं कुणी ऐकलेलं नाही. एकदा एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागातले साहेब आम्हाला जीपमधून सोडायला निघाले. कुणाच्या रानात ऊस किती आणि कोण तो गुऱ्हाळाला घालणार, एवढंच त्यांना हवं होतं. अक्कांनी त्या जीपमध्ये पोह्याचे पापड कसे लाटायचे ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. उतरताना म्हणाल्या, "साहेब, सगळ्या तालुक्याचा आकडा छापून येतो की. तो वाचा." साहेबांनी पुन्हा कधी जीप थांबवली नाही.

शेतकऱ्यांना त्या हेच सांगत: वर जातो तो आकडा, नाव माझ्यापाशी राहतं. आणि राहायचंही. सीमेकडच्या गावांत गेलो की त्या म्हाताऱ्यांना कन्नडमधून "ऊट आयता?" म्हणून जेवणाची चौकशी करीत. मग म्हाताऱ्या बायका चुलीपुढून उठून त्यांच्याबरोबर रानात चालू लागत. त्यांच्यामुळे मीही ते दोन शब्द शिकले. त्यापुढचं कन्नड मला अजून येत नाही, आणि अक्का त्यावरून मला आजही चिडवतात.

माया तर विचारू नका. पावसाळ्यातल्या एका दौऱ्यात माझ्या पायांना चिखल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी अक्का खोबरेल तेलात हळद खलून घेऊन आल्या आणि भर ऑफिसात माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. वरिष्ठ आत आले. अक्का जागच्या उठल्या नाहीत. "साहेब, पाय बरं झालं तर काम हुईल की," म्हणाल्या. मी लाजेनं अर्धमेली झाले होते, आणि तेव्हापासून अक्का मला आईसारख्या वाटू लागल्या. म्हणूनच पुढचा प्रसंग घडला तेव्हा मला त्यांचा एवढा राग आला.

माझ्या धाकट्या बहिणीला, सुरेखाला, कागलच्या अंगाला नदीकाठच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरची शेती करणारा. आमचे वडील आबा जाऊन बघून आले. रस्त्याकडेला डोक्याच्या वर गेलेला ऊस बघून ते भलतेच खूश झाले होते. पण परतताना चहाच्या गाड्यावर एकानं त्यांना गाठलं. "ऊस बघून पोरगी दिऊ नका, पावणं," एवढं बोलून तो निघून गेला. आबांची झोप उडाली. त्यात मुलाचे वडील, तात्या, बोलता बोलता सांगून गेले होते, "तुमच्या थोरलीच्या हापिसातल्या बाई येऊन गेल्यात की आमच्या रानात." त्या बाई म्हणजे अक्का. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते.

आबा मला घेऊन तडक अक्कांच्या घरी गेले. आबांचं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलेलं. गिरणीच्या वरताण बोलायची सवय लागली ती लागलीच. अक्कांनी चहा ठेवला, पोरीचं कौतुक केलं, बस्ता कुठं बांधायचा तेही सांगायला लागल्या. आबांनी त्यांना मध्येच तोडलं.

"अक्का, त्या रानात काय हाय ते तुमाला म्हाईत हाय. बोलू नका वाटलं तर. फकस्त मान हलवा. व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय."

आणि अक्का गप्प झाल्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना गप्प बसलेलं बघत होते. चुकून मान हलेल म्हणून त्यांनी चहासुद्धा ताठ मानेनं प्यायला. आता ते आठवलं की हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं.

"पोरगी तुमच्या पोरीसारखीच हाय की!" आबा ओरडले.

"म्हणून तर जीव तुटतोय माझा." अक्कांचे डोळे भरून आले होते. "पण तात्यांनी मला सांगितलं, ते तुम्हाला सांगायला नव्हं. आज मी मान हलवली तर उद्या बांधावर मला कोण खरं सांगंल? तुम्ही बाप आहात, आबा. तुम्हीच विचारा त्यांना. चौघांत नको. बांधावर घेऊन जावा आणि विचारा."

यात काही इशारा असेल का, म्हणून मी रात्रभर डोकं खपवलं. पण बांधावर जायचा सल्ला अक्का सगळ्यांनाच देतात, अगदी भावाभावांच्या भांडणातसुद्धा. आबा चहा तसाच टाकून निघाले. मीही निघाले, अक्कांचा निरोप न घेता. बहिणीच्या जन्माचा प्रश्न, आणि ज्यांना आई मानलं त्यांना साधी मान हलवता येऊ नये! पुढचे काही दिवस मी ऑफिसात त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्या मात्र रोज माझ्या टेबलावर डबा उघडून ठेवायच्या.

शेवटी आबा, सुरेखा आणि मी त्या गावी गेलो. आबांनी तात्यांना बांधावर नेलं. आम्ही बहिणी लांब थांबलो होतो, पण आबांचा आवाज म्हणजे लांबचं काही लांब राहत नाही.

"खरं काय ते सांगा, पावणं," आबा म्हणाले.

तात्या एकदम उसळले. "का? तुमच्या बाईंनी सांगितलं न्हाय व्हय?"

"एक अक्षर न्हाय. मान सुदीक हलवली न्हाय त्या बाईनं. भांडून आलोय मी त्येंच्या घरात."

आम्ही बहिणी जवळ सरकलो. मग तात्या हळूच म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या घरात कवाच कळलं आसंल. तुमी कायच इचारना, म्हणून मीबी गप." त्यांनी ऊस बाजूला सारला आणि आबांना आत घेतलं. आम्हीही धावलो. रस्त्याकडेच्या सऱ्या ओलांडल्या की ऊस संपत होता. पुढे सगळं पांढरं रान. वर्षानुवर्षं पाणी पाजून जमिनीतलं मीठ वर आलेलं, गवताची काडी नाही. "निम्मं रान असं हाय," तात्या म्हणाले. "पोराचं लगीन हुईस्तवर कुणाला दिसू ने, म्हणून म्होरं ऊस ठेवलाय. पर त्या बाईंनी तुमच्यासारख्याला सांगितलं न्हाय म्हटल्यावर, मी लपवून काय करू?"

आबा उसाच्या पानांनी ओरबाडलेले हात घेऊन बाहेर आले आणि सुरेखाकडे बघून ओरडले, "तुजी तू ठरीव! तुजी तयारी आसंल तर माजी हाय!" सुरेखानं मुलालाच गाठलं आणि विचारलं, या रानाचं काय करणार? त्यानं जमिनीखालून पाइप टाकून मिठाचं पाणी नदीकडच्या ओढ्यात कसं काढायचं ते तिथंच काडीनं मातीत रेघा मारून दाखवलं. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "मला चालतंय."

दुसऱ्या दिवशी मी अक्कांच्या टेबलाशी गेले आणि खुर्ची ओढून बसले. अक्कांनी डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली आणि बस्त्याचं राहिलेलं सांगायला सुरुवात केली.

आज त्या रानात टोकापर्यंत ऊस आहे. आज मीही नव्या मुलामुलींना पाहणीचं काम शिकवते. त्यांच्या हातात कागदाऐवजी मोबाइल असतो, पण गल्ली तशीच गोळा होते आणि शेजारी तसेच उत्तर देतात. मी त्यांना आधी बांधावर चालायला शिकवते. चिमटा काढायची आता सोय नाही, एवढाच काय तो फरक!

हा प्रसंग लिहिते आहे म्हटल्यावर अक्कांनी एकच विचारलं, "तात्यांना विचारलंस का?" विचारलं. तात्या म्हणाले, "लिव्ह की! गावाचं नाव सोडून सगळं लिव्ह." म्हणून गावाचं नाव नाही.

परवा सुरेखाच्या घरी या सोहळ्याच्या तयारीला आम्ही सगळे जमलो होतो. आबा होते, नातवंडं होती, गुडघे धरत अक्काही आल्या होत्या. अक्कांना शाल तात्याच घालणार आहेत. बोलता बोलता तात्यांनी मधेच विचारलं, "अक्का, त्या साली मी तुमाला रान किती खारं म्हणून सांगितलं होतं वो? मला आठवंना झालंय. ही पोरं म्हणत्यात, मी तुमालाबी थापच मारली आसंल!"

सगळे कान टवकारून बसले. इतक्या वर्षांचं माझं कुतूहल आता फिटणार होतं. अक्कांनी एकेकाकडे बघितलं. मग त्या भल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हितं चौघं बसल्यात, तात्या. बांधावर चला, मग सांगते."

"अवो, पर माजंच हाय की त्ये!"

"तुमचंच हाय, म्हणून तर."

घर हसून हसून दणाणलं. आबांचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता. सोहळा झाला की दोघं खरंच बांधावर जाणार आहेत, असं ठरलं आहे. बाकीच्यांनी मागून यायचं नाही, अशी अक्कांची ताकीद आहे.

तेव्हा अंबाबाईपाशी माझं मागणं असं: अक्कांच्या गुडघ्यांना बळ मिळो, शंभरी ओलांडल्यावरही त्यांना बांधावर आपल्या पायांनी चालत जाता येवो, त्यांचा आवाज गंगावेशीतून बिंदू चौकापर्यंत असाच पोचत राहो. आणि त्या साली तात्यांनी त्यांना काय सांगितलं, ते आम्हाला कधीही न कळो.