ग्वाल्हेरला मुलगी पाहायला गेलो त्याची गोष्ट

नवं राज्य झालं, ग्वाल्हेरच्या सरकारी कचेऱ्या भोपाळला निघाल्या, आणि आमच्याकडे एकच घाई उडाली. ग्वाल्हेरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलीच्या वडिलांची बदलीही भोपाळला झालेली. "ते हलायच्या आत पाहून येऊ," मामा म्हणाला. मुलगा मीच. आई, मामा आणि मी पुण्याहून निघालो.

कल्याणला गाडी बदलावी लागते. थंडीत जाणार असाल तर दोन कांबळी न्या. झाशीच्या पुढे एका कांबळ्यात भागत नाही. स्टेशनबाहेर टांगे मिळतात. भाडं बसायच्या आधी ठरवा, मग किल्ला निवांत बघता येतो. आम्ही खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या पत्त्यावर उतरलो तेव्हा सकाळचं ऊन नुकतं गल्लीत आलं होतं.

दार एका बाईंनी उघडलं. मागे ट्रंका, बांधलेल्या गाद्या. आवराआवर चाललेली दिसली, पत्ता बरोबर. मामा म्हणाला, "पुण्याहून आलो. मुलगी पाहायला."

बाईंनी एकदा आत वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "या, आत या. किती गारठलात तुम्ही लोक." आत जाऊन यजमानांशी काही बोलल्या, आणि ते सायकल काढून बाहेर पडले. मिठाई आणायला गेले असतील, असं आम्ही धरून चाललो.

आता वरपक्ष म्हटला की अंगात काय येतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. चहा आला. मामा म्हणाला, "निवलाय." दुसरा आला. अंघोळीचं पाणी मला कोमट वाटलं. मी ओरडून तसं सांगितलं. "काही बात नाही, अजून गरम करून देते," बाई म्हणाल्या. त्यांच्या मराठीवर मामा मोठ्यानं हसला, मीही हसलो. जेवायला बसलो तर भाजीला मोहरीच्या तेलाचा वास. मी ताट सरकवलं आणि आईला म्हणालो, "मुलीला हेच शिकवलं असेल तर कठीण आहे." बाईंनी गुपचूप दहीभात वाढला. आई शिऱ्यात तूप शोधत होती. हे सगळं वगळावंसं वाटतं, पण लिहितोय.

हात धुतो न धुतो तोच यजमान परतले. बरोबर एक घामेजलेले गृहस्थ. आत येऊन त्यांनी थेट आईला हात जोडले. "मी मुलीचा बाप. आम्ही कालच घर सोडलं. स्टेशनजवळ पडावला धर्मशाळेत उतरलोय, यांना तसं सांगून ठेवलं होतं. संध्याकाळची गाडी आहे. तुम्हाला पत्र टाकलं होतं, चुकामूक झाली."

मग ही मंडळी कोण? इंदूरहून बदलून आलेली, काल संध्याकाळी या घरात शिरलेली. ट्रंका आवरत नव्हते, उघडत होते. आमच्या ना नात्याची ना गोत्याची.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई कशीबशी म्हणाली, "अहो, आधीच सांगायचं होतं."

"चहा झाला की सांगणार होते," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही बोलायला लागलात. म्हटलं, आता सांगितलं तर तुम्हालाच ओशाळं वाटेल. हे लोक येतात तोवर चालून जाईल."

मुलगी आपल्या आईबरोबर टांग्यानं पुढे येऊन, आम्ही जेवत असतानाच मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली होती. आमचं ताटावरचं बोलणं तिनं तिथूनच ऐकलं होतं. वडील तिला बाहेर बोलवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. आतून बाईंचा आवाज येत होता, आणि त्या आमची बाजू मांडत होत्या. "अगं, प्रवासानं थकलेले. एका जेवणावरून माणूस ठरवू नये. मुलगा चांगला आहे."

"काकू, परक्या घरात हे असं बोलले नसते. आपलं समजले म्हणून असे बोलले," मुलगी म्हणाली. "मी तर आपलीच होणार ना?"

वडील बाहेर आले आणि खाली बघत म्हणाले, "ती नको म्हणते."

परतीची गाडी रात्रीची होती. बाड्यावरच्या चौकात फिरून या, गजक म्हणजे तिळाची खुसखुशीत वडी घ्या, असं कुणालाही सांगेन. थंडीत इथली गजक खावीच. आम्ही मात्र बाईंच्या ओसरीवरच बसून राहिलो. त्यांनी संध्याकाळी पुन्हा जेवू घातलं आणि वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या.

पुण्यात सगळे विचारतात, मुलगी कशी होती? मामा सांगतो, पत्रिका जुळली नाही. मी तिला पाहिलेलंच नाही, पण तिनं नाही म्हटलं ते बरोबर केलं असं मला वाटतं, आणि हे घरात बोलायची सोय नाही.

काल आई बाईंना आभाराचं कार्ड लिहायला बसली. 'सौ.' लिहून थांबली. "नाव काय रे तिचं?" तिनं विचारलं. मी मामाकडे पाहिलं, मामानं माझ्याकडे. दोनदा जेवलो होतो त्या घरात, आणि आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.