फाटक्या कानाचा बिबट्या

गेल्या महिन्यात चार रात्री मी टक्क जागी होते. कारण ऐकलंत तर हसाल. माझी साडेचार वर्षांची मुलगी, रेवा, खोटं बोलायला लागली होती.

"आमच्या विहिरीवर बिबट्या आला होता," असं तिने बालवाडीत भर वर्गात सांगितलं. वर "शेपटी खाली सोडून पाणी पीत होता" ही माहितीही पुरवली. पाच मुलं रडली, दोघं दुसऱ्या दिवशी शाळेतच आली नाहीत, आणि बाईंनी मला बोलावून घेतलं.

"मुलांना कल्पनाशक्ती असते हो," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पण हिच्या बाबतीत घरच्या वातावरणाचाही विचार करायला हवा. तुमचं कामच तसं ना!"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं.

मी रत्नागिरीतल्या एका बातम्यांच्या चॅनेलमध्ये काम करते. चॅनेल म्हणजे तुमच्या मोबाइलवर सकाळी "धक्कादायक!" म्हणून येतं ते. नाव सांगत नाही, कारण नोकरी तिथेच आहे. निदान हे लिहीपर्यंत तरी. माणसं तीन : मालक आणि संपादक भाऊ, कॅमेरावाला सुहास, आणि बातम्या लिहायला मी, एम.ए. मराठी. शाळा सुटली की रेवा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून डबा खाते आणि माझ्या स्क्रीनकडे बघत राहते. भाऊंना ती भाऊआजोबा म्हणते.

आमच्याकडे लोक घरामागे चिरे रचून ठेवतात, कधीतरी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, बांधू म्हणून. गडगा काही होत नाही, चिऱ्यांवर शेवाळ मात्र चढतं. आमच्या ऑफिसातले किस्से तसेच साठलेत. त्यातले थोडे आज काढते. मग माझी मुलगी कुठे वाढतेय ते तुम्हीच बघा.

*

पहिला मान आंब्याला. हंगामातली पहिली पेटी मुंबईला गेली की बातमी होते. पण पहिल्या पेट्या दर वर्षी निदान पाच निघतात! भाऊ कोणालाच नाराज करत नाहीत. एक "पावस गावची पहिली", एक "तालुक्यातली पहिली", एक "या आठवड्यातली पहिली". एकदा पाचवे बागायतदार उशिरा आले आणि हिरमुसले. भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी नको. तुमची 'सलग दुसऱ्या दिवशी पहिली' करू."

यंदा एक गृहस्थ जानेवारीतच पेटी घेऊन हजर. हार घातलेली, कुंकू लावलेली. सुहासने फोटो काढले आणि म्हणाला, "आता उघडा, आतले घेतो."

गृहस्थ पेटीवर हात दाबून बसले. "उघडायची कशाला?"

"आंबे दिसायला नको?"

"आंबे मोहोरात आहेत अजून," गृहस्थ म्हणाले. "पेटी आली पुढे, आंबे येतायत मागून!"

बातमी लागली. शीर्षक मीच दिलं होतं, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू?

*

मग ती समुद्रातली वस्तू. किनाऱ्याला काहीतरी निळं, गोल, माणसाच्या कमरेएवढं लागलं. सुहास लाईव्ह गेला : "समुद्रातून अज्ञात वस्तू!" अर्ध्या तासात हीऽ गर्दी! भेळवाला आला. एक निवृत्त शिक्षक चष्मा पुसत पुढे झाले आणि म्हणाले, हा पाणबुडीचा भाग आहे. कसला भाग, असं विचारल्यावर म्हणाले, "आतला."

सव्वा तास हे चाललं. मग वाळूतून एक म्हातारा कोळी आला, गर्दीतून वाट काढत वस्तूपाशी गेला, तिला एक लाथ घातली आणि म्हणाला, "सरा बाजूला. माझं पिंप हाय."

आणि ढकलत ढकलत घेऊन गेला!

मी म्हटलं, भाऊ, आता खुलासा टाकू या. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी एम.ए. कुठून केलं असा त्यांना प्रश्न पडला असावा. "खुलासा? बातमी तर आत्ता रंगात आलीय. लिही : अज्ञात वस्तू अज्ञाताने पळवली."

*

आता बिबट्या. आमच्याकडे बिबटे खरोखर येतात. विहिरीत पडतात, गोठ्यात शिरतात, कुत्री नेतात. पण आमच्या चॅनेलकडे बिबट्याचा फोटो एकच. कुठला आहे देव जाणे, मागे वाळवंट दिसतं. डावा कान फाटलेला. पावसला बिबट्या आला, हाच. मालगुंडला आला, हाच. वाचकांनाही तो आता घरच्यासारखा झालाय. एकदा एकाचा फोन आला.

"ओ मॅडम, हा काल आमच्याकडे होता ना? आज सकाळी चिपळूणला कसा पोचला? रिझर्व्हेशन मिळालं?"

मी भाऊंना सांगितलं, लोक हसतायत, दुसरा फोटो घेऊ. भाऊ म्हणाले, "बिबट्या सारखाच असतो. तू आधार कार्ड तपासतेस काय त्याचं?"

फोटोखालचं वाक्यही एकच आहे : "नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण." एका वाडीत बिबट्या विहिरीत पडला तेव्हा ही भीती गोळा करायला आम्ही गेलो. कोणी घाबरायलाच तयार नाही! एक बाई म्हणाली, "भीती कसली? त्याला काढतील, पण पाणी उपसून कोण देणार ते छापा." शेवटी सुहासने एका आजोबांना हाता-पाया पडून कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

आजोबांनी विचारलं, "घाबरलो असं म्हणू? म्हणतो. पण त्याला नेल्यावर आनंदाचा बाईट घ्यायला परत याल ना?"

"येऊ की."

"मग हा शर्ट भीतीला चालेल. चांगला नंतर घालतो."

*

आणि हा माझा स्वतःचा. एका गृहस्थाचा फोन आला. "ताई, घाईत ऐका. रस्त्याच्या कडेला गडग्यावर बिबट्या निपचित पडलाय. जखमी असावा. मी गाडीतून पाहिला." मी नाव विचारलं नाही, वनखात्याला फोन केला नाही. दोन मिनिटांत बातमी लावली. फाटका कान, भीतीचे वातावरण, सगळं जागच्या जागी. चाळीस जणांनी "बिचारा" असं लिहिलं.

संध्याकाळी एका बाईंचा फोन.

"तुम्हीच का बातमीवाल्या? तो गडग्यावरचा बिबट्या माझा आहे."

"तुमचा?"

"माझा म्हणजे माझ्या भावाने दुबईहून आणलेला. डबल बेडचा. लोक गाड्या थांबवून फोटो काढतायत ओ, वाळत घातलेलं ब्लँकेट मी घरात नेऊ कशी?"

*

तर अशी मी. अनोळखी माणसाने धावत्या गाडीतून पाहिलेल्या ब्लँकेटवर विश्वास ठेवणारी. पोटच्या मुलीवर ठेवला नाही.

तो रविवार होता. मी ओटीवर बसून मोबाइलवर कुठल्याशा दुसऱ्या गावच्या बिबट्याची बातमी टाकत होते. रेवा मागच्या पडवीतून धावत आली. "आई, विहिरीवर बिबट्या!"

"मांजर असेल."

"मांजर एवढं नसतं." तिने हात पसरून दाखवले.

"बरं," मी म्हटलं आणि भीतीचे वातावरण टाइप केलं.

बाईंनी बोलावल्यावर तर मी शहाणपणाची हद्द केली. पुस्तकात वाचलं होतं, खोटं बोलण्याची सवय वेळीच मोडावी. मी रेवाला शाळेत नेलं आणि वर्गात उभं राहून सगळ्यांना सॉरी म्हणायला लावलं. ती म्हणाली. पायाच्या अंगठ्याकडे बघत, एवढ्याशा आवाजात. बाईंनी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

त्यानंतर तिने एक नवीनच सुरू केलं. काहीही विचारा, एकच उत्तर. "डबा संपवलास?" "मी काही पाहिलं नाही." "आजी कुठे गेली?" "मी काही पाहिलं नाही." माझा नवरा बोटीवर असतो. त्याचा फोन आला तेव्हा त्यालाही तेच. तो मला म्हणाला, "मी तीन आठवडे पाण्याशिवाय काही पाहिलेलं नाही. तिने पाहिलं असेल तर पाहू दे ना बाई तिला." मी फोन ठेवला आणि रडले. रात्री जागी होते ती ह्यासाठी. आधी वाटायचं, पोर खोटं बोलते. मग वाटायला लागलं, आता ती खरं बोलायची नाही.

पाचव्या दिवशी सासूबाईंची कोंबडी गेली. सासूबाईंनी विहिरीपाशी पिसं बघितली आणि मला हाक मारली. "अगो, पोर खरं सांगत होती वाटतं!" नातीचा शब्द पुरला नव्हता, कोंबडीची साक्ष पुरली. वनरक्षक आले, ओल्या मातीतल्या ठशांवर वाकले आणि म्हणाले, "पूर्ण वाढलेला आहे. पाण्यावर येतो. मुलीला एकटीला मागे सोडू नका."

मी रेवाला जवळ घेतलं, सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."

*

भाऊंना कळायला दहा मिनिटं लागली, पोचायला पंधरा. "बिबट्याला पाहणारी चिमुरडी! थेट विहिरीवरून! आज बाईट मीच घेणार." एरवी ते कधी ऑफिसबाहेर पडत नाहीत.

मी नाही म्हणणार होते. पण गडग्यापलीकडे अर्धी वाडी जमली होती, आणि गर्दीत पुढेच रेवाच्या बाई. मला वाटलं, ज्यांच्यासमोर पोरीला मान खाली घालायला लावली, त्यांच्यासमोर तिने एकदा मान वर करून खरं सांगावं. म्हणून हो म्हटलं. आई म्हणून हा निर्णय बरोबर होता का, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

सुहासने बोट वर केलं. लाईव्ह सुरू. भाऊ एका हातात माईक, दुसऱ्या हातात टॅब घेऊन रेवासमोर उकिडवे बसले. टॅबवर तो. फाटका कान, मागे वाळवंट.

"घाबरू नकोस हां बाळा," भाऊ सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशा मायेने म्हणाले. "आम्ही नेहमी खरी बातमी देतो, म्हणून तुला विचारतो. नीट बघ. हाच बिबट्या होता ना?"

रेवाने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सांग, खरं ते सांग.

तिने टॅब दोन्ही हातांनी धरला, जवळ घेतला, निरखून पाहिला आणि परत भाऊंच्या हातात दिला.

"हा नाही. त्याचे दोन्ही कान चांगले होते. हा तुमच्या ऑफिसातला आहे, आई ह्याला रोज दुसऱ्या गावाला पाठवते." मग तिने माईक स्वतःकडे ओढला. "भाऊआजोबा, आता तुम्ही आमच्या वर्गात उभं राहून सॉरी म्हणा."