चढा तबला

तबला लावायला फोन लागतो, असं मला कुणी पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला हातोडीच दाखवली असती. भोसरीच्या आमच्या भजनी मंडळात वीस वर्षं तबल्यावर मीच. दर गुरुवारी पेटीवाला काळी एकची पट्टी दाबून धरायचा, मी हातोडीनं तबल्याचे गट्टे ठोकायचो आणि पुडी सुरात आली की मान डोलवायचो. त्यानंतर कुणी काही बोलायचं नाही. लातूरकडून आल्यापासून या शहरात माझी एवढी एकच पत होती. बाकी सगळीकडे मी कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधला एक टोकन नंबर.

पेटीवाला चाकणजवळच्या गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गातोही तोच. त्याला फोनचं भारी वेड. तानपुरा फोनवर, अभंगाचे शब्द फोनवर, चाल बसवायची तर गाणं हळू करून ऐकणंही फोनवर. शिवाय सूर तपासणारं एक ॲप. आवाज केला की काटा हलतो, सूर बरोबर असला की पडदा हिरवा होतो, चढला की लाल. मी त्याची यथेच्छ चेष्टा करायचो. "उद्या त्या फोनलाच टाळ दे हातात," म्हणायचो. तो नुसता हसायचा.

एका गुरुवारी पेटी दुरुस्तीला गेली होती. त्यानं फोनवर तानपुरा सुरू केला, मी तबला लावला, मान डोलवली. तो गायला सुरुवातच करेना.

"दादा, जरा चढा हाय."

"तुझा फोन बिघडलाय."

त्यानं तानपुरा बंद करून ते ॲप उघडलं आणि फोन माझ्यापुढं ठेवला. मी चाटेवर, पुडीच्या काठावर, बोट मारलं. लाल. पुन्हा मारलं. पुन्हा लाल. मंडळातले सहा-सात जण बघत होते आणि एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. याचाच मला जास्त राग आला. यंत्राला काय कळतंय, वीस वर्षं हा कान लावतोय, असं बरंच काही मी देवळात ओरडलो.

तो खाली बघत म्हणाला, "दिवाळीपासनं मीच उतरवतोय तबला. तुमी पाणी प्यायला उठता ना, तवा. तुमाला वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई."

मी न वाजवता घरी आलो. इतके महिने हे सगळे माझ्यासमोर माना डोलवत होते आणि पाठीमागं माझा तबला दुरुस्त करत होते. शिवी दिली असती तर परवडली असती.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि फोनला खोटं पाडायचंच म्हणून बसलो. माझ्या फोनवर एक ॲप घेतलं. त्यात बोट वर सरकवलं की सूर चढत, बारीक होत जातो. थोडा वेळ ऐकू आलं, मग बंद. मला वाटलं, स्पीकर गेला. आवाज पूर्ण वाढवला, तरी काही नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको कानांवर हात ठेवून धावत आली. तिचे ओठ हलत होते ते दिसलं, मग शब्द कळले. "अहो, बंद करा ते! कान फाटले माझे!"

मी बोट खाली आणलं, पुन्हा वर नेलं. तिचा चेहरा वाकडा झाला की समजायचं, वाजतंय. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता.

पिंपळे गुरवच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीचे बारीक आवाज गेलेत, ते परत येत नाहीत. मग माझं मलाच उमगलं. चाटेचा झणकार मला ऐकूच येत नव्हता. तबला बद्द वाटायचा, म्हणून मी ताणत जायचो.

कान कुठं गेला हे विचारायला कुणाकडं जायची गरज नव्हती. शॉपमध्ये सगळे कानात प्लग घालायचे. मी काढायचो. कारण ठोक्याच्या आवाजावरून डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बोथट झाली, कुठं तडा गेला, हे मला आधी कळायचं. सुपरवायझर लांबून मला बोलवायचा. "प्लग काढ भावा, जरा ऐक हिला. तू म्हणजे आपला फुकटचा सेन्सर!" मी फुशारून जायचो. चालत्या प्रेसजवळ कान नेऊन उभा राहायचो, तबलजीच्या ऐटीत. वर्षाला कंपनीत कान तपासायला गाडी यायची, हेडफोन लावायचे, मागं प्रेस धडधडत असायचे. कागदावर दरवर्षी एकच शब्द, नॉर्मल.

डॉक्टरांचा कागद घेऊन ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी माझी फाइल काढली आणि एक जुनी लेखी समज वाचून दाखवली. सूचना देऊनही इअर प्लग वापरत नाही. खाली माझी सही, शेजारी त्याच सुपरवायझरची. तो तिथंच खुर्चीत बसला होता. त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. सही कशावर करतोय हे मी कधी वाचलं नव्हतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. पण त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता मी फोन मांडीशी ठेवून तबला लावतो. हिरवं दिसलं की हातोडी थांबवतो. मला तो बद्दच लागतो, अजून एक ठोका द्यावा म्हणून हात शिवशिवतो. मंडळी म्हणतात, इतका सुरात पूर्वी कधी लागत नव्हता. गेल्या गुरुवारी भजन चांगलं रंगलं. निघताना पेटीवाल्याला चपलांपाशी गाठून विचारलं, "खरं सांग, कसा वाजला?"

"झकास, दादा," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यावरून मला काहीच कळलं नाही.