उस्ताज बिशारांचे अडतीस पाहुणे

उस्ताज बिशारांनी गाईड म्हणून चौतीस वर्षांत एकही पाहुणा हरवला नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते स्वतःच रोज सांगत. लक्सरला पाहुणे नाईलवरच्या बोटीवर चढले की पहिल्या सरबताबरोबर सांगत आणि आस्वानला बक्षिसीची पाकिटं भरायची वेळ झाली की पुन्हा आठवण करून देत.

मी त्याच बोटीच्या दाराशी टेबल मांडून बसायचो. काम अगदी किरकोळ. पाहुणा किनाऱ्यावर निघाला की त्याच्या हातात एक कार्ड द्यायचं, परत आला की काढून घ्यायचं आणि सगळी जमली की उस्ताजांच्या कानात आकडा सांगायचा. मग ते छत्री उंचावून तोच आकडा स्पॅनिशमध्ये जाहीर करत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. आमच्याकडे पाऊस पडत नाही आणि उन्हाला उस्ताज जुमानत नसत. जूनमध्येसुद्धा कोट आणि टाय.

माणूस विद्वान होता, यात शंका नाही. इस्नाच्या एका विणकराच्या घरी जन्मून कैरोला शिकायला गेलेला. जे पुस्तकात नव्हतं ते तो स्वतः भरून काढी. एखाद्या राजाचं नाव आठवलं नाही की तो रामसेस. इतके रामसेस होऊन गेलेत, एखाददुसरा वाढला तर कोण तक्रार करणार! प्रत्येक देवळात ठरलेल्या फरशीवर उभं राहून ठरलेला विनोद. देवळांचे रखवालदारही पाठ झाल्यामुळे अर्धं वाक्य आधीच हसत.

त्यांची खरी करामत मात्र वेगळीच होती. दर खेपेला एखादी बाई खांबाला हात लावून म्हणायचीच, "मी इथे आधी येऊन गेलेय असं वाटतं हो." उस्ताज लगेच एक पाऊल मागे सरत, हात छातीवर ठेवत आणि आवाज खाली आणून सांगत की सेन्योरा, तुम्ही इथल्या पुजारीण होतात. आमच्या एका बोटीतून इतक्या पुजारिणी उतरल्या की त्या काळी देवळात नवस बोलायला कोणी उरलं असेल असं मला वाटत नाही.

त्या हिवाळ्यात कंपनीने कैरोहून हातिमबे नावाच्या साहेबांना बोटीवर पाठवलं; आमच्याकडे बे म्हणजे साहेबच. बरोबर एक पेटी आणि पेटीत कानात घालायची बोलकी यंत्रं. साठी उलटलेले गाईड ठेवायचे की यंत्रं वाटायची, हे या एका खेपेत ठरणार होतं. साहेबांनी उस्ताजांना तसं स्पष्टच सांगितलं.

त्या सकाळी पावट्याची उसळ आणि भाकरी समोर ठेवून उस्ताज नुसते बसून होते.

"खलाफकाका," ते मला म्हणाले, "हे बंद झालं तर मी हे सगळं सांगू कोणाला?"

"घरी सांगा, उस्ताज."

"घरी? बायको पहिल्या वाक्याला उठून जाते. म्हणते, चुलीवर काहीतरी आहे. सदतीस वर्षं तिच्या चुलीवर काहीतरी आहेच."

एदफूला धक्का लहान आणि बोटी फार. म्हणून त्या एकमेकींना खेटून ओळीने बांधतात आणि लांबच्या बोटीतल्यांनी अलीकडच्या बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत किनारा गाठायचा. किनाऱ्यालगतची बोट निघाली की बाकीच्या दोर सोडून नदीत जातात आणि जमेल तशा परत लागतात. आम्ही सकाळी चौथे होतो. पाहुणे टांग्यांतून देऊळ पाहून आले तेव्हा दुसरे. दिवाणखाने म्हणाल तर सगळीकडे तीच पितळी झुंबरं, तीच प्लास्टरची राणी आणि दारात तेच करकदेचं, म्हणजे सुकवलेल्या जास्वंदीचं, लाल सरबत. कार्डंसुद्धा सगळ्या बोटींची नारिंगीच. बोटीचं नाव एवढ्या बारीक अक्षरात, की ते वाचत बसलो असतो तर मागे रांग लागली असती.

मी अडतीस मोजली. उस्ताजांनी अडतीस पुकारले. हातिमबेंनी वहीत काहीतरी चांगलं लिहिलं असावं. आम्ही दक्षिणेला निघालो.

चार वाजता कोम ओम्बोला, मगरीच्या देवळापाशी उतरलो. यंत्रांची पेटी उचलायला माणूस हवा म्हणून साहेबांनी मलाही बरोबर घेतलं. उस्ताज त्या दिवशी रंगात होते. भिंतीवर कोरलेली प्रसिद्ध हत्यारं दाखवून त्यांनी हे राजाचं स्वयंपाकघर, असं सांगितलं आणि माझ्या सासूकडे यातलं सगळं आहे, हा ठरलेला विनोदही केला. रखवालदार वेळेआधी हसला. तेवढ्यात मोठ्या टोपीच्या एक बाई पुढे आल्या. वाटभर त्या छतावरच्या खुर्चीत झोपलेल्या मी पाहिल्या होत्या. ओबदुलिया त्यांचं नाव, हे नंतर कळलं.

"मी हे आधी पाहिलंय," बाई म्हणाल्या.

उस्ताज एक पाऊल मागे सरले. हात छातीवर गेला. हातिमबे बघताहेत याची एका नजरेत खात्री करून घेतली.

"सेन्योरा, तुमच्या डोळ्यांतच ते दिसत होतं. तीन हजार वर्षांपूर्वी..." देऊळ जेमतेम बावीसशे वर्षांचं.

"काल," बाई म्हणाल्या.

"पुजारिणीला तीन हजार वर्षं कालच्यासारखीच, सेन्योरा!"

"काल संध्याकाळी पाच वाजता. त्या खांबापाशी माझी चप्पल तुटली. आणि आमचे गाईड म्हणाले की ही हत्यारं वैद्यांची आहेत. स्वयंपाकघराचं काही बोलले नाहीत."

पाहुणे खो खो हसले. त्यांना वाटलं, हाही विनोद ठरलेलाच. हातिमबे मात्र हसले नाहीत. त्यांनी बाईंना बोटीचं नाव विचारलं. बाईंनी सांगितलेली बोट एव्हाना उत्तरेला, उलट्या दिशेला गेलेली होती. इतक्यात साहेबांचा फोन वाजला. पलीकडे त्याच बोटीचे लोक होते. ते इस्नाच्या बंधाऱ्यावरच्या जलद्वारापाशी रांगेत अडकलेले आणि त्यांच्या छतावर आमच्या बोटीतल्या एक पाहुण्या, कासिल्दाबाई, बसलेल्या. मगरीचं देऊळ कधी येणार, असं विचारत होत्या.

"उस्ताज," हातिमबे म्हणाले, "अडतीस मोजले होते ना?"

"अडतीसच आहेत, बे. हवं तर आत्ता मोजा."

हे अगदी खरं होतं.

मला बोलायची सवय नाही. तरी पुढे झालो. "बे, कार्डं मी घेतली. नाव वाचलं नाही. चूक माझी आहे."

"म्हणजे मोजतोस तू?"

"हो बे."

"किती वर्षं?"

"या बोटीवर आल्यापासून. एकोणीस."

"मग उस्ताज काय करतात?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी वाचवायला गेलो आणि बुडवून आलो.

"उस्ताज तो आकडा स्पॅनिशमध्ये सांगतात," बिशाराच म्हणाले. मग त्यांनी टाय सारखा केला. "बे, हा माणूस एकोणीस वर्षं मोजतोय आणि आज एकदा चुकला. मी चौतीस वर्षं बोलतोय, रोज चुकतो, आणि ते आज पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं. दोघांतल्या कोणाला घरी पाठवायचं ते तुम्ही ठरवा. मी आधी माझी बाई घेऊन येतो."

ओबदुलियाबाईंना घेऊन ते टॅक्सीत बसले. उरलेलं देऊळ पाहुण्यांनी कानात यंत्र घालून पाहिलं. सगळीकडे कशी शांतता. रखवालदार एकटाच आपल्या ठरलेल्या जागी हसला आणि मग ओशाळून इकडेतिकडे पाहू लागला.

रात्रीच्या जेवणात शेवटची खीर वाढत होते तेव्हा कासिल्दाबाई आल्या. जाम भेदरलेल्या असतील असं वाटलं होतं, पण त्या हसत होत्या. हातिमबेंच्याच शेजारी बसल्या.

"काय माणूस आहे हो हा! दोन तास एक क्षण गप्प नाही. वाटेतल्या प्रत्येक उसाच्या शेताला राजा होता म्हणे. आणि दर गावाला मागे वळून मला मोजत होता."

"मोजत?" साहेबांनी विचारलं.

"हो. बोट उगारून. एक, म्हणायचा, आणि पुढे वळायचा."

हातिमबे त्या खेपेत पहिल्यांदा हसले. चांगलं मोकळं हसले. पण हसणं वेगळं आणि यादी वेगळी. नव्या हंगामाची यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव होतं, उस्ताजांचं नव्हतं.

आता यंत्रातली बाई बोलते. तिच्या बोलण्यात एकही जादा रामसेस नाही. पाहुणे जांभया देत परत येतात आणि कागदावर पाचपैकी पाच तारे देतात. पुजारीण मात्र वर्षभरात एकही निघालेली नाही.

इस्नाला जलद्वारापाशी आमची बोट तासन्‌तास अडकते. उस्ताज तिथे येतात, कोट-टाय घालून. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढतात, चहा घेतात आणि सुरू होतात. परवा त्यांनी एदफूच्या देवळाला एक नवाच राजा दिला. त्यांच्या बायकोसारखं मला उठून जाता येत नाही. टेबल सोडायची परवानगी नाही.