मेनूतला चौथा पर्याय

मागच्या आठवड्यात सोमवारी तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी एक जुना कॉम्प्युटर बंद केला... आणि मंगळवारी हरेश्वरकाकांनी वजनखोली सोडायचा अर्ज दिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे कळायला मला शुक्रवार उजाडावा लागला.

आमच्याकडे रंगांच्या पावडरी बनतात. प्रत्येक बॅचचं वजन घेणाऱ्या काट्याला एक म्हातारा कॉम्प्युटर जोडलेला होता, विंडोज ३.१ वाला. सुरू केला की काळ्या स्क्रीनवर चार पर्यायांचा मेनू यायचा. त्या काळी मेमरी इतकी तुटपुंजी की काटा, प्रिंटर आणि नेटवर्क एकत्र चालायचे नाहीत... म्हणून माझ्या आधी इथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या साहेबांनी प्रत्येकाची वेगळी मांडणी करून ठेवली होती. चौथ्या पर्यायाचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘दांडी’.

मला रिकामं बसवत नाही, हात शिवशिवतात. तो डबा आज ना उद्या मान टाकणारच होता, म्हणून मी त्यातलं सगळं नव्या पीसीत आणलं. जुनी विंडोज नव्याच्या पोटात चालायला लागली. पहिले तीन पर्याय चालवून बघितले... छान चालले.

चौथ्याच्या फाइलीत काटाच जोडलेला दिसला, म्हणजे पहिल्याचीच नक्कल. इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कुणीतरी गंमत केली असेल, असं म्हणत मी ती ओळ उडवली. चालवून बघायला दोन मिनिटं लागली असती, पण तेवढा धीर कुठला...

हरेश्वरकाका दांडीचेच. भाऊ अजून बोटीवर जातात, हे एकटे कंपनीत आले आणि वीसेक वर्षं त्या काट्यापुढेच बसले. सोमवारी नव्या स्क्रीनवरचा मेनू त्यांनी वाकून बघितला आणि मग बॅच दुसऱ्याला करायला सांगितली. मी कौतुकाची वाट बघत शेजारीच उभी होते. ते म्हणाले, “बरा झाला मॅडम, नवीन आला.”

मंगळवारी अर्ज. मला लोडिंगला द्या म्हणून.

सत्तावन्नाव्या वर्षी गोणी उचलायला कोण स्वतःहून जातं? बुधवारी मी विचारलं तर म्हणाले, “काय नाय मॅडम, बसून बसून कंटाला आला.” शनिवारी नवी ड्यूटी लिस्ट लागणार होती. सुपरवायझरनी त्यांचं नाव लोडिंगमध्ये टाकूनही ठेवलं होतं. कॅंटीनमध्ये, बसमध्ये, घरी भाजी निवडताना तेच डोक्यात... माझं काही चुकलं का?

शुक्रवारी आम्हाला आठवड्याची सुट्टी. बोईसरच्या माझ्या खोलीत बसून लॅपटॉपवर जुन्या डिस्कचा बॅकअप उघडला आणि काहीच सुचत नव्हतं म्हणून चौथा पर्याय चालवला.

स्क्रीनभर काळं. त्यावर पिवळी, बोटभर जाडीची अक्षरं. शंभर खिडक्यांच्या जागी तीनच, वजन, बॅच आणि ‘ठीक’चं मोठं बटण. माउसचा बाण जाडा, संथ, मागे शेपूट सोडत जाणारा, म्हणजे हरवू नये म्हणून.

ही नक्कल नव्हती. कुणीतरी एका माणसाचे डोळे समोर ठेवून, बसून, एकेक गोष्ट लावली होती.

स्कूटर काढली आणि थेट दांडी गाठली. काकी अंगणात सुके बोंबील निवडत होत्या, काका बाजूला बसलेले. मी हेल्मेट काढता काढताच विचारलं, “काका, डोळ्यांचं काय आहे?”

ते शांतपणे म्हणाले, “एक डोला लहानपनापासून गेलेला. दुसऱ्यानं बारीक दिसत नाय, मोठा दिसता. आधीच्या सायबांना ठावूक होता. त्यांनी करून दिला, कोनाला बोलले नाय.”

“मग मला सांगायचं ना...”

“काय सांगू? तुमी ते काडलात, तवाच समजलो. मॅडमला माज्या डोल्याचा कललंय. पन चारचौघांत बोलल्या नाय, गुपचूप काडलं, येवडी इज्जत ठेवली माजी. मग आपनच निगावं ना?”

मी खरं तेच बोलले. “काका, मी बघितलंच नव्हतं. न बघता उडवलं.”

काकी बोंबलांतून मान वर न काढता म्हणाल्या, “मंग आता बगा.”

शनिवारी सकाळी पहिल्या पाळीच्या आधी जाऊन चौथा पर्याय परत लावला. काकांनी स्वतःच सुपरवायझरना डोळ्याचं सांगितलं आणि अर्ज मागे घेतला. सुपरवायझर म्हणाले, इतक्या वर्षांत तुमची बॅच कधी चुकली नाही, मग माझं काय जातंय. लिस्टमधलं नाव तिथेच खोडलं.

हे लिहू का, असं मी काकांना विचारलं. “लिवा, पन त्या सायबांचा पन लिवा,” म्हणाले. त्या साहेबांना मी कधी भेटले नाही. त्यांनी करून ठेवलेला पसारा म्हणून वर्षभर त्यांच्या नावानं बोटं मात्र मोडली. साहेब, जिथे असाल तिथे... मनापासून आभार.

सगळं जागेवर आलंय, तरी माझा जीव काही थाऱ्यावर नाही. पाच दिवस एक माणूस माझ्या घाईला माझा चांगुलपणा समजत होता, आणि त्यासाठी मनातल्या मनात माझे उपकार मानत गोणी उचलायला निघाला होता.